लाल शाईतला शेरा

कर्जतमध्ये कुणाच्या लोणच्याला बुरशी आली, कुणाच्या सुनेनं माहेरून भिंतीवरचं घड्याळ आणलं आणि ते दिवसाला किती मिनिटं मागे पडतं, हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्यानं मुलींच्या शाळेच्या ओट्यावर जरा टेकावं. विचारायची गरज नसे. दुपारच्या सुट्टीत आनंदीबाई मास्तरीण चिमूटभर तपकीर ओढत, पदरानं नाक पुसत, आणि एकदा नाक मोकळं झालं की तोंड आपोआप मोकळं होई. तपकिरीचं कुणाला ठाऊक नाही अशी त्यांची समजूत होती. ही एकच बातमी गावानं त्यांच्यापर्यंत पोचू दिली नव्हती.

बाई मूळच्या पुण्याच्या. नवरा लवकर गेला, मग ट्रेनिंग कॉलेज केलं, आणि बोर्डानं इथं नेमणूक दिली त्याला आता, सेहेचाळीस साली, आठ वर्षं होत होती. शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत त्या राहत. एवढ्या वर्षांत त्यांच्या पोटात एक गोष्ट टिकली असेल तर शपथ, असं बायका म्हणत. पण ते खरं नव्हतं. शाळेच्या मोठ्या रजिस्टरातलं एक अक्षर त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं.

ते रजिस्टर वर्गाच्या कोपऱ्यातल्या सागवानी कपाटात असे आणि कपाटाची किल्ली बाईंच्या कमरेला. दाखल झालेल्या प्रत्येक मुलीची त्यात एक ओळ होती. नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, गाव, दाखल तारीख, आणि सगळ्यात शेवटी शेऱ्याचा रकाना. कुणी दाणे खात खात सहज म्हणून विचारलं, "काय हो बाई, त्या अमकीचं खरं वय किती?" तर बाई तितक्याच सहज म्हणत, "तिच्या आईला विचारा. आणि हो, तिच्या आईनं काल कोळंबी किती घेतली ठाऊक आहे का?" समोरची बाई कोळंबीच्या मागे लागे आणि वय तिथंच राही.

भगिनी मंडळाची गोष्ट वेगळी. कोळंबीनं भुलण्यातलं ते मंडळ नव्हतं.

मंडळ दर शनिवारी दुपारी शाळेतच भरे. शाळेनं त्याला बसायला वर्ग दिला होता, पाण्याचा माठ दिला होता, एक सूर बसलेली हार्मोनियम दिली होती. तेव्हा कपाटही आपलंच, असं मंडळाला वाटू लागलं असेल तर त्यात नवल नव्हतं. अध्यक्ष होत्या चंद्राबाई. यजमानांची भातगिरणी होती आणि गिरणीच्या आवाजावरून बोलायची सवय झाल्यामुळे त्या हळू बोलल्या तरी स्टेशनावर ऐकू जाई. यंदा मंडळानं ठरवलं होतं की सातवीची फायनल पास झालेल्या एका मुलीला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात पाठवायचं, सगळा भार मंडळानं उचलायचा. अर्ज आले दोन. एक कशेळ्याच्या मुलीचा, आणि एक पळसदरीच्या कोंडीचा.

"मास्तरीणबाई, तेवढं रजिस्टर काढा," चंद्राबाई म्हणाल्या. पाट सरकवा म्हणावं, तसं.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? पोरगी पुण्याला पाठवायची आम्ही. ती कोण, कुणाची, कशी, हे नको बघायला?"

"निकाल फळ्यावर लावलाय. कोंडी तालुक्यात तिसरी आलीय. पळसदरीची आहे, मालोजींची मुलगी. तुमच्याच गिरणीत त्यांचं भात येतं."

"ते मला ठाऊक आहे हो. लिहिलेलं काय आहे ते दाखवा."

"लिहिलेलं दाखवायचं नसतं."

"असं कुठं लिहिलंय?"

बायका हसल्या. आनंदीबाईंची मात्र पंचाईत झाली, कारण असं खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं. बोर्डाच्या नियमांत रजिस्टरात खाडाखोड करू नये असं होतं, शाई काळीच वापरावी असं होतं, उंदरांपासून जपावं असंही होतं. माणसांपासून जपावं असं नव्हतं.

"अख्ख्या गावाच्या चुलीवर काय शिजतं ते सांगत फिरता," चंद्राबाई म्हणाल्या, "आणि आमच्यापासून कागद लपवता?"

"ऐकलेलं माझं असतं, चंद्राबाई. ते मी कुणालाही सांगेन. लिहिलेलं त्या मुलींचं आहे."

"बरं. मग येत्या शनिवारी रजिस्टर या टेबलावर नसलं तर कोंडीचं नावही यादीवर नसेल. कशेळ्याच्या पोरीच्या बापानं सगळे कागद आपणहून आणून दिलेत. लपवायचं काही नसलं की माणूस लपवत नाही."

मंडळ उठलं. माठातलं पाणी संपलं होतं, तो तसाच उघडा टाकून गेलं.

आनंदीबाईंनी माठावर झाकणी ठेवली आणि तपकिरीची डबी काढली. लपवायचं होतं, हीच तर अडचण होती.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. बाईंना इथं येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. सोनाबाई नावाची एक सडसडीत बाई सात वर्षांच्या पोरीला हाताशी धरून दारात उभी राहिली.

"मुलीचं नाव?" नव्या मास्तरीणबाईंनी टाक बुडवून विचारलं.

"कोंडी."

"बापाचं नाव?"

बाईनं पदर डोक्यावर ओढला आणि आढ्याकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव ती कसं घेणार? बाईंनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा आढ्याकडे पाहिलं. आनंदीबाईंनीही पाहिलं. आढ्याला काही लिहिलेलं नव्हतं.

"बरं, मुलगी तुमचीच ना?"

यावर सोनाबाई इतकी घाबरली की पोरीचा हातच सोडला. "न्हाय, न्हाय! माजी नाय. सोमी सुईनीची हाय. मी कोंड्याला घेतली."

सोनाबाईची आधीची चार मुलं एकामागून एक गेली होती. पाचवी झाली तेव्हा सोमी सुईण तिला मागच्या दारानं घेऊन गेली, पुढच्या दारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, पोर इकायची हाय, घेता का? सासूनं सूपभर कोंडा देऊन पोर विकत घेतली. म्हणून नाव कोंडी. घरची नाहीच म्हटल्यावर तिच्यावर कुणाचा डोळा जाणार? पंचक्रोशीतल्या शेंबड्या पोरालाही हा प्रकार ठाऊक होता. पुण्याच्या पेठेत वाढलेल्या आनंदीबाईंना नव्हता. त्यांना एवढंच कळलं की मूल विकलं गेलं आहे, आणि सरकारी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आपल्या हाती फार मोठा गुन्हा लागला आहे. त्यांनी नावाच्या आणि बापाच्या नावाच्या रकान्यांत मिळून लिहिलं, 'कोंडी सोमी सुईण'. मग लाल शाईची दौत काढली, नियम मोडून, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'मुलगी विकत घेतलेली. चौकशी व्हावी.'

महिन्याभरात खरा प्रकार कळला. बाईंना दोन दिवस जेवण गेलं नाही. हजेरीपटावर त्यांनी लगेच 'कोंडी मालोजी' केलं आणि पुढं परीक्षेच्या यादीतही तेच घातलं. रजिस्टरात मात्र दुरुस्ती करायची तर पालकाचा अर्ज हवा, त्यावर बोर्डाचा हुकूम हवा. बाई स्वतः पळसदरीला गेल्या होत्या, तर सोनाबाईनं हातच जोडले. पोर माझ्या पोटची आहे असं कागदावर? नाव काढू नका. मालोजी बायकोच्या शब्दाबाहेर नव्हते, या बाबतीत तर नव्हतेच. तेव्हापासून ते पान मिटलेलं होतं.

आता मंडळानं ते उघडलं असतं तर सोमवारच्या बाजारात 'विकत घेतलेली पोर' एवढाच विषय राहिला असता. पुण्याच्या कॉलेजला पाठवायच्या दाखल्यावरही रजिस्टरातलं अक्षर न् अक्षर उतरवावं लागणार होतं. आणि कोंडी पुण्याला गेली नाही, तर खालापूरची आत्या तिच्यासाठी टपून बसली होती. मार्गशीर्षात तिला सून करून न्यायचं, इतकं ठरत आलं होतं. आत्याच्या घरी चार म्हशी होत्या आणि वाचायला शेणाच्या गोवऱ्यांवरचे हाताचे ठसे.

सोमवारी शाळा सुटल्यावर बाईंनी कोंडीला बोलावून घेतलं. मंडळानं काय मागितलंय ते सांगितलं. कोंडी पंधरा वर्षांची, आईसारखीच सडसडीत, पण आढ्याकडे बघणारी नव्हती.

"माझ्या पानावर असं काय लिवलंय, बाई?"

बाईंनी कमरेची किल्ली काढली. "ते पान तुझं आहे. तुला दाखवायला मला कुणाला विचारावं लागत नाही."

कोंडीनं बोट ठेवून वर्गात धडा वाचावा तसं मोठ्यानं वाचलं. 'कोंडी सोमी सुईण.' मग बोट सरकत सरकत लाल शाईपाशी गेलं. आनंदीबाईंचे कान तापले. इतकी वर्षं आपण हे पान या पोरीसाठी जपतोय असं त्यांना वाटत होतं. आता पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं, की त्यात थोडं आपल्या अकलेलाही जपणं होतं.

"हे अक्षर तुमचंच हाय, बाई?"

"माझंच."

"चौकशी व्हावी," कोंडीनं पुन्हा वाचलं आणि पुस्तकावर डोकं टेकून हसत सुटली. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले. ते नुसते हसण्यानंच ओले झाले होते की काय, ते बाईंना कळलं नाही. "आठ वर्सं झाली. मग चौकशी केली कुणी?"

"कुणी करणार?"

"मग मी करते," कोंडी म्हणाली आणि उठून गेली.

गुरुवारी दुपारी ती परत आली, तेव्हा तिच्याबरोबर सोनाबाई होती आणि सोमी सुईण होती. सोमीला सत्तर उलटून गेली होती. पाठीतून ती वाकली होती, जिभेतून नव्हती. बाकावर बसायला सांगितलं तर ती त्यावर उकिडवी बसली.

"दोघींना मी इचारलं," कोंडी म्हणाली. "आय म्हनते, सोमीआजी सोडंल तर मी अर्जावर अंगठा देईन. आजी म्हनते, कोंड्याला दिलेली पोर तांदळानं सोडवावी लागंल."

"दोन पायली," सोमी म्हणाली.

"दोन पायली!" सोनाबाई ओरडली. "अगं मावशे, तवा तू सूपभर कोंड्यावर दिलीस की!"

"तवा काय व्हतं गं ते? मूठभर मास. आन् कोंडा तरी कसला, निम्मा तूस. म्हशीनं बी तोंड फिरवलं. आता बघ पोर, तालुक्यात तिसरी आली. दोन पायली, आन् तांदूळ बारीक पायजे. माज्या तोंडात दात नाय."

"जाडा देते. शिजवून घे."

"मग र्‍हाऊ दे माजीच. मी घिऊन जाते घरला. काय गं, येशील?"

"येते की," कोंडी म्हणाली.

"गप बस, अवदसे!" सोनाबाईनं तिला चापट मारली आणि लगेच पदर डोळ्याला लावला. "बाई, तुमाला हसू येत असंल. पन पयल्या चौघांना मी माजी माजी म्हनले. हिला नाय म्हनले, तर ही एकटी र्‍हायली."

सोमी तांदळाचं विसरून खाली बघत बसली. त्या चौघांना तिनंच धुतलं होतं.

"दीड पायली," मान वर करून सोमी म्हणाली. "बारीक. आन् हे बघ सोने, सोडली मी. माज्याकडनं मोकळी. वरच्यानं इचारलं तर त्याला माज्याकडं धाड, मी बघते त्याच्याकडं."

आनंदीबाईंनी कागद पुढं ओढला आणि अर्ज लिहायला घेतला. "मुलीच्या बापाचं नाव?"

सोनाबाईनं आढ्याकडे पाहिलं.

कोंडीनं तोंड उघडलं तसं बाईंनी हातानं थांबवलं. "अर्ज आईचा आहे. तिनंच सांगायला हवं. याआधी मी ऐकायला चुकले होते, आता तशी चुकायची नाही."

"घे गं नाव," सोमी म्हणाली. "लग्नात घेतलं व्हतंस तसं घे. दीड पायली देऊन बसलीस, आता कसली लाजतीस?"

सोनाबाईनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, भिंतीवरच्या हिंदुस्थानच्या नकाशाकडे तोंड केलं आणि एका दमात म्हणाली:

"पळसाच्या पानावर भाताचा घास,
मालोजीरावांची लेक फायनल पास!"

सोमीनं टाळी वाजवली. बाईंनी लिहिलं, 'मालोजी'. लिहिताना त्यांच्या ध्यानात आलं, की सोनाबाईनं एवढं सगळं सांगितलं, पण माझी हा शब्द काही तोंडातून काढला नाही.

"आन् आयचं नाव कुटं लिवायचं?" सोमीनं विचारलं.

बाईंनी रजिस्टरावरून बोट फिरवलं. नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, गाव. रोजच्या वापरातलं पान, पण आज त्यांनी ते दोनदा शोधलं. "आईचा रकाना नाहीच आहे यात."

"कुटंच नाय?" सोनाबाई म्हणाली.

"कुठंच नाही."

"म्हंजी मी आठ वर्सं भ्याले, ती फुकटच?" ती जराशी रागावली. चार बाळंतपणं वाया जाऊन पाचवं हाती लागलेल्या बाईला सरकार विचारतसुद्धा नाही, हे तिला आवडलं नव्हतं. मग तिनं विचार केला आणि तिचा चेहरा निवळला. "बरं हाय की. यमानं पुस्तक उघडून बघितलं, तरी त्याला घावायची नाय."

तिनं अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर असा दाबला की खालच्या बाकालाही त्याचा ठसा उमटला. आनंदीबाई त्या ठशाकडे बघत राहिल्या. त्यांच्या मनात आलं, या रजिस्टरासाठी नियम करणाऱ्यांना उंदीर आठवले, आई आठवली नाही.

शनिवारी मंडळ भरलं तेव्हा टेबलावर रजिस्टर नव्हतं. टेबलापाशी कोंडी उभी होती.

"रजिस्टर कुठाय?" चंद्राबाईंनी विचारलं.

"कपाटात," आनंदीबाई म्हणाल्या. "कोंडीला तुमच्याशी बोलायचंय."

कोंडीनं पदर खोचला. घरी बोलते तसं बोलायचं नाही हे तिनं ठरवलं असावं, कारण ती प्रत्येक शब्द निवडून ठेवत होती. "माझ्या पानावर एक शेरा होता. चौकशी व्हावी, असा. चौकशी झाली, मीच केली. ज्यांना ज्यांना विचारायचं होतं त्यांना विचारलं. आता माझं नाव, गाव, वय आणि मार्क मी सांगते. मला मास्तरीण व्हायचंय, तेही सांगते. दुसरं काय हवं ते मला विचारा. सांगण्यासारखं असेल ते सांगेन."

"कसला शेरा? कसली चौकशी?" चंद्राबाई पुढं सरकल्या.

"ते पान माझं हाय, मावशी," कोंडी म्हणाली. निवडून ठेवलेले शब्द संपले होते.

बायकांत कुजबुज झाली. शेरा! आता तर रजिस्टर बघितल्याशिवाय उठायचंच नाही, असं दोघीतिघींच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या अंबाबाई, ज्या सभेत कधी बोलत नसत आणि फक्त विणत असत, सुया न थांबवता म्हणाल्या, "याच शाळेत होतो गं आपण सगळ्या. जुनी रजिस्टरंही त्याच कपाटात असतील, नाही का?"

आठ जणींच्या आठ माना सागवानी कपाटाकडे वळल्या. प्रत्येकीला आपापलं काहीतरी आठवलं. कुणाला शाळेत सापडलेली मिश्रीची पुडी, कुणाला दोनदा केलेली तिसरी, कुणाला लग्नात चोरलेली दोन वर्षं. चंद्राबाईंना काय आठवलं ते त्यांनाच ठाऊक. आनंदीबाईंना ठाऊक नव्हतं. जुन्या रजिस्टरांवरची धूळ त्या दर दिवाळीला झटकत, पण ती न उघडता.

चंद्राबाईंनी घसा साफ केला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज वर्गाबाहेर गेला नाही.

"तालुक्यात तिसरी म्हणजे काही कमी नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या मते कोंडीला पाठवावं. आणि कशेळ्याच्या पोरीचे कागद तिच्या बापाला परत द्या. तिचं पुढच्या वर्षी बघू." मग पोथीवरून उठावं तशा सावकाश उठल्या, कपाटापाशी गेल्या आणि कडी हलवून पाहिली. "कुलूप नीट लागतं ना हो याचं, मास्तरीणबाई?"

"लागतं."

"किल्ली तुमच्याकडेच असते ना?"

"झोपतानासुद्धा."

बोर्डाचा हुकूम कोंडीची पुण्याला जायची ट्रंक भरत आली तेव्हा आला. बाईंनी 'सोमी सुईण'वर एकच आडवी रेघ मारली, वर काळ्या शाईनं 'मालोजी' लिहिलं, आणि लाल शेऱ्याखाली बारीक अक्षरात भर घातली: 'चौकशी झाली. मुलीनेच केली.' असा शेरा लिहायचा नियम नव्हता. पण नियम मोडायची त्या रकान्याला सवय होती.

गावात एक गोष्ट मात्र राहून गेली. त्या आठवड्यात सोमी सुईण डोक्यावर तांदळाची झोळी घेऊन पळसदरीकडून येताना चौघींनी पाहिली होती. बाळंतपण कुठं नव्हतं, सण नव्हता. बायका शाळेच्या ओट्यावर आल्या, आनंदीबाईंची तपकीर ओढून होईपर्यंत थांबल्या, आणि मग एकीनं विचारलं, "काय हो बाई, त्या सोनाबाईनं सोमीला तांदूळ कशाचे दिले?"

बाईंनी पदरानं नाक पुसलं. सांगायची ऊर्मी इतकी दाटून आली की त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. अशी गोष्ट आठ वर्षांत दुसरी नव्हती.

"कशाचे ते काही मला सांगता यायचं नाही," त्या म्हणाल्या. "पण तांदूळ जाडा होता की बारीक, ते सांगते."